न मारलेली लाथ

"मार! मार ना बे लाथ! पांढुर्ण्याहून इथवर काय पाय दाखवाले आला काय?"

मामा तख्तावर पालथा पडून उशीत ओरडत होता आणि मी त्याच्या बाजूला तख्तावरच, एक हात भिंतीला टेकवून, बगळ्यासारखा एका पायावर उभा होतो. दुसरा पाय, डावा, त्याच्या कमरेच्या वीतभर वर अधांतरी. सौंसरची मे महिन्यातली दुपार, कूलर बंद. मामाच्या उघड्या पाठीवर घामाचा एक ओघळ मणक्याच्या पन्हाळीतून खाली चालला होता आणि मी त्या ओघळाकडेच पाहत होतो. मामी उंबऱ्यात उभी राहून माझ्या अंगठ्याकडे पाहत होती, जणू तिथून आता वीज निघणार.

निघते असं म्हणतात, म्हणून आधी पायाचं सांगून टाकतो. मी पायाळू. जग डोकं पुढं घालून जन्माला येतं, मी पाय पुढं करून आलो. सुईण म्हणे आधी किंचाळली आणि मग हात जोडून माझ्या तळव्यांशी बोलत बसली, कारण बाकीचा मी अजून आतच होतो. आमच्याकडे अशा माणसाच्या पायाला मान आहे. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळूनं दुखऱ्या जागेवर डाव्या पायानं तीनदा हलकी लाथ मारायची. उसण पळते. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले की पायातला गुण जातो. त्यामुळे सारी हयात मी चहा, गूळ आणि संत्र्यांवर लाथा मारल्या. माझ्या पायाला माहीत नाही अशी पाठ पांढुर्ण्यात उरलेली नाही. मी बाजारातून निघालो की लोक नमस्कार करायचे सोडून पाठ करतात. एका शेतकऱ्यानं तर बंद पडलेला मोटारपंप दाखवायला मला बांधावर नेलं होतं. मी म्हटलं, अगा ही मशीन आहे. तो म्हणाला, तिचीही कमरच गेली आहे. मारली. पंप सुरू झाला. लाइट त्याच घटकेला आली होती, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पायाळूवर वीज पडते अशी समजूत आहे. म्हणजे उन्हाळ्यात जो माणूस माझा पाय धरतो, तोच पावसाळ्यात मला संत्र्याच्या झाडाखाली उभा राहू देत नाही. भर पावसात मला तीन घरांनी चहा न देता वाटेला लावलेलं आहे. तिसऱ्या घरानं छत्री दिली, पण लांबून, काठीनं.

आता मामा. मामा म्हणजे विहारातला वक्ता. तहसिलात चपराशी होता, पण बोलायला उभा राहिला की तहसीलदार खाली बसायचा. अंधश्रद्धेवर त्यानं केलेली भाषणं ऐकून दोन भोंदू सौंसर सोडून गेले, असं मामाच सांगतो. लिंबू-मिरची दिसली की तोडायचा आणि लिंबू घरी आणून सरबत करायचा. पण कमर धरली की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो माझा. हे कसं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "हे अंधश्रद्धा नाही. हे दाबाचं शास्त्र आहे." आणि मग आमच्याकडची रीत अशी की भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नाही, मामानंच भाच्याच्या पडायचं. भाच्याचा पाय, त्यातून पायाळू. मामाच्या लेखी हा दुहेरी मुलामा दिलेला पाय होता.

त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. दोन दिवसांपूर्वी त्यानं कूलर उचलून खिडकीच्या स्टँडवर ठेवला होता, एकट्यानं आणि पाण्यासकट. मुलगा पुण्याला, शेजारी लग्नाला, आणि थांबणं मामाच्या रक्तात नाही. ठेवताना कमरेत कट्टकन झालं म्हणे. फोनवर त्यानं तब्येत सांगितली नाही, हुकूम दिला. पाय घेऊन ये. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सौंसरवाले कागदासाठी आमच्याकडे येतात आणि मी लाथेसाठी त्यांच्याकडे जातो, तेव्हा मी निघालो. बसमध्ये डावा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो, लेकरू घ्यावं तसा.

आणि आता पाय हवेत थांबला होता. कारण मामा ओरडता ओरडता मध्येच असं म्हणाला होता की लवकर मार, दोन्ही पाय कमरेपासून मेल्यासारखे होऊन राहिले.

दोन्ही. हा एक शब्द नसता तर मी केव्हाच मारून मोकळा झालो असतो.

पांढुर्ण्यात एक डॉक्टर आहेत. शिकलेले, चष्म्याचे, भिंतीवर डिग्र्यांचा तक्ता. एकदा इन्व्हर्टरचा प्लग लावायला वाकले ते वाकलेलेच राहिले. सकाळी फिरायला निघाल्याचं सोंग करून, काटकोनात, ते माझ्या मागच्या दारानं आले. म्हणाले, कोणाला सांगू नको. मी मारल्या, हळू, डॉक्टरांच्या पाठीला शोभतील अशा. पंधरा दिवसांनी सरळ होऊन आले आणि आभार मानायचे सोडून म्हणाले, हे तुझ्यानं झालं नाही. उसण बहुतेक आपली आपण जाते. शेक द्यावा, थोडं चालतं-फिरतं राहावं, खाटेला चिकटून राहू नये, दोन-चार आठवड्यांत माणूस मोकळा. तुझा पाय फुकटचं श्रेय घेतो. घेऊ दे, म्हणाले, त्यानं कोणाचं वाईट होत नाही. पण काही पाठी अशा असतात की तिथं पाय लावलास तर मी तुझा पाय तोडीन. झाडावरून पडलेला आला, तर हात लावू नको. ताप आहे, अंग झडत चाललं आहे आणि पाठ दुखते, तर पाठव माझ्याकडे. आणि दोन्ही पाय सुन्न, सायकलच्या सीटवर बसतो तेवढी जागा बधिर, लघवी अडली किंवा न कळत सुटली, यातलं एक जरी बोलला, तर त्या दिवशी चहासुद्धा पिऊ नको. उचल आणि मोठ्या दवाखान्यात ने. तिथं तास मोजतात.

तेव्हापासून मी लाथेआधी चौकशी करतो. लोकांना वाटतं पायाला कौल लावतो आहे. आज मामाच्या आरड्याओरड्यात ती राहून गेली होती.

मी पाय खाली घेतला. मामाला तख्ताच्या आवाजावरून कळलं.

"काहून थांबला?"

मी म्हटलं, मामाजी, पाय विचारून राहिला. मुंग्या येतात का? मामा म्हणाला, मुंग्या तर माणसाच्या पायाले येतेच, हत्तीच्या येते काय. बसायची जागा बधिर वाटते का? मामानं तोंड उशीत आणखी खुपसलं. मग मी विचारलं, लघवी कधी झाली होती?

तख्त हाललं. मामा मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. सत्तरीचा माणूस, ज्याच्या भाषणाला टाळ्या पडतात, त्याला भाच्यानं बायकोसमोर हे विचारावं.

"उन्हाळा आहे," मामा म्हणाला. "सगळं घामानं जाते."

मी मामीकडे पाहिलं. मामी कमी बोलणारी. मामाच्या घरात बोलायची जागा आधीच भरलेली असते. ती पदराच्या टोकाशी बोलावं तशी म्हणाली, "बापू, हे कालपासून तांब्या घेऊन जाते, आन् तसाच भरला तांब्या वापस घेऊन येते."

"तू चूप राय वो," मामा म्हणाला, आणि आपण ठणठणीत आहोत हे सिद्ध करायला उठला. उठणं म्हणजे काय सांगू. आधी एक कोपर, मग दुसरं, मग तख्ताची कड, मग माझा खांदा आणि शेवटी देश स्वतंत्र झाल्यासारखा चेहरा. चपला घातल्या, म्हणाला, पाह्य आता, आणि चालत अंगणात गेला. नळापर्यंत जाऊन येतो म्हणाला.

अंगणात सिमेंटचा कोबा आहे. मे महिन्यात दुपारी त्या कोब्यावर मामी पापड वाळवत नाही, भाजते. मी एकदा अनवाणी गेलो होतो, तर माझे तळवे आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. मामा त्यावरून चालला. नळाला हात लावला, वळला, परत निघाला आणि मधोमध उभा राहून माझ्याकडे बघून हसला.

डाव्या पायातली चप्पल नळापाशीच राहिली होती.

मी वाट पाहिली. आता पाय उचलेल, आता ओरडेल, आता उडी मारेल. मामा उभाच. उघडा तळवा त्या तव्यावर टेकलेला आणि मामा हसतो आहे.

"मामाजी, डावी चप्पल कुठं आहे?"

"पायात आहे," मामा म्हणाला.

मामीनं तोंडाला पदर लावला. मी धावत जाऊन त्याला उचललं. मी उचललं म्हणजे कूलरसारखंच उचललं, कमर धरून, आणि तो माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होता की सोड बे, मी काय लहान लेकरू आहे काय. सावलीत आणून तळवा पाहिला. लाल झाला होता, फोड धरायला लागला होता. मामानंही वाकून पाहिलं. कोणा दुसऱ्याचा पाय पाहावा तसं पाहिलं. पण गप्प बसेल तर मामा कसला. म्हणाला, "सवय आहे आपल्या पायाले."

चौकातून ऑटो बोलावून त्यात त्याला घातला. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला बाहेर काढलं, मामाला तपासलं आणि पहिलं काम नळी घालायचं केलं. आता मी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे, म्हणून शपथेवर सांगतो, मे महिन्यात जाम नदीला एवढं पाणी नसतं. पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरत आली. मी दारातून पाहत होतो. मामाच्या कपाळावरची आठी उतरली, खांदे खाली आले, त्यानं डोळे मिटून असा श्वास सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर हाललं.

इथंच सगळं बिघडलं.

"मोकळं झालं," मामा म्हणाला. "तिथंच तुंबलं होतं. आता आराम आहे. चला घरी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आराम नळीचा आहे, आजार तिथंच आहे. मणक्यातली गादी सरकून खालच्या नसांच्या अख्ख्या जुडीवर बसली आहे. नागपूरला न्यायचं, आजच, आत्ता. मोठ्या मशिनीत फोटो निघेल आणि ऑपरेशन लागेल असं दिसतं. उद्या नेलं तर चालणार नाही का, असं मामीनं विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या हा त्रास राहील, पण इलाज राहणार नाही.

ऑपरेशन हा शब्द ऐकल्यावर मामा ताठ झाला. पाठीच्या ऑपरेशनबद्दल आमच्याकडे एकच कायदा आहे आणि तो मामानं लगेच वाचून दाखवला. पाठीले सुरी लागली का माणूस खाटेचा झाला. त्याला अशी कितीतरी माणसं ठाऊक होती. कोणी लोधीखेड्याचा, कोणी सावरगावचा, सगळे चालत गेले आणि झोपून आले. मी म्हटलं, ते आधीच झोपून गेले असतील. मामा म्हणाला, तू वकील आहे काय. मी आजन्म चालत आलो, चालत मरीन. मले रिक्षा बोलाव.

मी बाहेर गेलो. आत आलो. पुन्हा बाहेर गेलो. ॲम्ब्युलन्सवाला गाडी फाटकात आणून उभा होता आणि माझ्याकडे असा बघत होता जसा वऱ्हाडी बँडवाला नवरदेवाच्या बापाकडे बघतो. पुण्याला मुलाला फोन लावला, तो म्हणाला, बाबांना द्या. बाबांनी फोन घेतला आणि मुलाची तब्येत विचारून ठेवून दिला. मामी नळीच्या पिशवीवर पदर टाकून बसली होती, कोणी येता-जाता पाहू नये म्हणून. डॉक्टरीणबाई दोनदा दारात येऊन गेल्या. दुसऱ्यांदा नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गेल्या.   खरं सगळं डॉक्टरीणबाई बोलून चुकल्या होत्या आणि त्याचा उपयोग झाला नव्हता.

मग मी माझ्या धंद्यावर आलो.

मामाच्या कानाशी बसलो आणि म्हटलं, मामाजी, तुम्हाला एक गोष्ट सांगायची नव्हती. माझा पाय आज चालून नाही राहिला. म्हातारा झाला. पण नागपुरात एक सर्जन आहे, माझ्यापेक्षा मोठा. तो पायाळू आहे.

मामाची एक भुवई वर गेली. "डॉक्टर आन् पायाळू?"

मी म्हटलं, एकटाच नाही. सात पिढ्या. त्यांच्या घरात डोक्याकडून कोणी जन्मलंच नाही, एक आत्या तशी निघाली तर तिला वेगळं ठेवलं. दोघांचे गुण एका माणसात, शाळेचा आणि पायाचा. तुमचं ते दाबाचं शास्त्र, त्यावरच त्याची डिग्री आहे.

"तो लाथ मारते?"

"मारते. पण मशिनीत फोटो काढून मगच मारते. आपल्यासारखं अंदाजे नाही."

मामा विचारात पडला. मला वाटलं ओळखलं. उभ्या जन्माचा वक्ता, दुसऱ्याच्या थापा पकडणारा. पण दुखणाऱ्या माणसाला दार हवं असतं, कुठं उघडतं ते तो विचारत नाही. शेवटी म्हणाला, "फोटो काढाले हरकत नाही."

गाडी निघाली. लोधीखेड्याचा फाटा गेला, सावनेर आलं, रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग आणि उन्हात हलणारा डांबराचा रस्ता. मामा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्या पायाळू सर्जनची चौकशी करत होता आणि मला सगळं वाटेत घडवावं लागत होतं. वय किती, कोणता पाय, बूट घालून मारते का काढून. मी म्हटलं, ऑपरेशन थिएटरात बूट चालत नाहीत. तेवढं एक त्या सबंध प्रवासात खरं बोललो. मध्ये मामा गप्प झाला की मी घाबरायचो, म्हणून मी आणखी सांगायचो. सावनेरपर्यंत त्या सर्जननं एका मंत्र्याची, दोन पहिलवानांची आणि सर्कशीतल्या हत्तिणीची कमर बसवली होती. ॲम्ब्युलन्सवाल्यानं आरशातून विचारलं, भाऊ, त्यांचा पत्ता देता काय, माझीही कमर धरते.

नागपूरच्या दवाखान्यात मशिनीत घातलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, आत कोणीतरी डफडं वाजवून राहिलं होतं. सर्जन आले. बारीक, उंच, मऊ आवाजाचे, बोलणं कमी. त्यांनी फोटो उजेडाला धरला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि ते काही बोलायच्या आत मामानं हात जोडले.

"साहेब, तुम्ही पायाळू ना?"

मी छताकडे पाहायला लागलो.

"नाही," सर्जन म्हणाले. "मी सिझरनं जन्मलो."

मामानं हळूहळू मान वळवली. मला त्या नजरेबद्दल काही लिहायचं नाही. आमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेत कपाळावर दगड येताना दिसतो, त्या क्षणाला लोक काय विचार करतात, ते मला समजलं. मामा म्हणाला, गाडी थांबव म्हणा, आपण घरी चाललो. आवाज चढत चालला होता. वॉर्डातल्या दोन-तीन खाटांवरची माणसं उठून बसली.

सर्जननं वाद घातला नाही. म्हणाले, जायचं तर जा, एक तपासणी बाकी आहे तेवढी करू द्या. मामाला कुशीवर वळवलं, पडदा ओढला, मला धरायला आत घेतलं. त्यांच्या हातात एक टाचणी होती. म्हणाले, डोळे मिटा. टोचलं की सांगा.

मामानं डोळे मिटले. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. सर्जन मागे बसायच्या जागेवर, मांडीच्या आतल्या बाजूला हात चालवत होते. मामा थांबला. मीही थांबलो. बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजून बंद झाला.

"टोचा ना साहेब," मामा म्हणाला.

"टोचूनच राहिलो आहे," सर्जन म्हणाले.

मामानं डोळे उघडले नाहीत.   मग त्यानं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की हे मी वाढवून सांगू शकत नाही.

"करा," म्हणाला.

सर्जननं बाहेर येऊन मामीला आणि मला नीट समजावलं. पाय परत येतील असं वाटतं. लघवीचं आज सांगता येत नाही. नस किती वेळ दाबलेली होती त्यावर आहे. काहींची येते, काहींची नळी कायमची राहते. आणखी एक दिवस गेला असता तर मी हेसुद्धा बोललो नसतो, असं म्हणून ते आत गेले.

ऑपरेशन चालू असताना मी त्या दवाखान्याचे सगळे जिने चढलो-उतरलो. लिफ्टमनला वाटलं मी कामावर आहे. मामी मात्र एका बाकावर बसली ती हलली नाही. मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिनं हातातच धरला. मी हत्तिणीची गोष्ट सुरू केली, म्हटलं हसेल. ती म्हणाली, "बापू, पायाचं मले नाही. काठी घेऊन चालतीन. पण नळी राहिली तर हे विहारात नाही जाणार. घराबाहेरच नाही निघणार. आन् घरात बसले का बोलणार नाही कोणाशी. मी पाहिलं आहे यायले न बोलता, सासूबाई गेल्या तेव्हा. मले ते घर नको."

मी गोष्ट अर्धी सोडली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मामाच्या उजव्या पायाचा अंगठा हलला आणि मी ती बातमी सौंसरला, पांढुर्ण्याला, पुण्याला अशी दिली की पुण्याच्या मुलाला वाटलं बाबा पळायला लागले. मग डावा हलला. मग वॉकर धरून उभा, मग दोन पावलं, मग दरवाजापर्यंत. पाठीला सुरी लागूनही माणूस खाटेचा झाला नाही, हे त्यानं मान्य केलं नाही, पण वॉर्डात त्यावर भाषण केलं. शेजारच्या खाटेवरच्याला म्हणाला, कमर दुखली आणि पाय बधिर झाले तर घरी बसायचं नसते, तास मोजतात तिथं. माझंच वाक्य, म्हणजे पांढुर्ण्याच्या डॉक्टरांचं, त्यानं एवढ्या जोरात म्हटलं की नर्सनं येऊन पडदा ओढला.

पण नळी होतीच. भाषण करताना तो पिशवीवर चादर ओढून घ्यायचा. कोणी भेटायला आलं की मामी उठून त्या बाजूला बसायची.

मग एका सकाळी ती काढली. सांगितलं, पाणी प्या, वाट पाहा, संध्याकाळपर्यंत आपली आपण झाली तर ठीक. नाही झाली तर पुन्हा घालावी लागेल, आणि मग घरी घेऊनच जावं लागेल. मामानं पाणी प्यायला सुरुवात केली. मामी ग्लास भरून देत होती. मी खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. फोन यायचे. झालं काय? नाही. काही अंदाज? मी काय हवामान खातं आहे? दुपारी मामा वॉकर घेऊन बाथरूमला गेला आणि तसाच परत आला. आम्ही विचारलं नाही. पुन्हा पाणी. पुन्हा गेला, पुन्हा आला. ह्या वेळी खाटेवर न बसता उभाच राहिला, वॉकरवर दोन्ही हात, भिंतीकडे तोंड. मी सर्कशीतली हत्तीण पुन्हा काढली. त्यानं हातानं गप्प केलं. मामी ग्लासात पाणी ओतत होती आणि ग्लास केव्हाच भरून सांडायला लागला होता.

ऊन खिडकीतून उतरत भिंतीच्या खाली आलं तेव्हा तो तिसऱ्यांदा निघाला. दार लावलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला नाही, नर्सनं लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो, म्हणजे मध्येच कोणी येऊ नये. मामी खाटेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उलथे. आत काही ऐकू येत नव्हतं. मी ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि ऐकायला नको म्हणून जोरजोरात खोकतही होतो. कितीतरी वेळ गेला. मी म्हणीन एक युग, मामी म्हणते चहा गाळायला लागतो तेवढा.

दार उघडलं. आधी वॉकर बाहेर आला, मग मामा. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं, मामीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला विचारता येईना, म्हणून मी नुसती मान हलवली.

"झाली," मामा म्हणाला. "तिथला लाइट बंद कर."